शेतकऱ्याची पाठ, शेतकऱ्याचें मन आणि योगाभ्यास

गेल्या माघ महिन्यांत गांवांतील एका घरीं पंगतीस बसलों असतां योगासनांची गोष्ट निघाली. शेजारीं बसलेले एक वयोवृद्ध खातेदार हंसून म्हणाले, "भाऊसाहेब, आसनें हीं खुर्चीवर बसणारांचीं. आम्ही आषाढांत महिनाभर वांकूनच असतों, तें काय थोडें आसन झालें?" पंगतींत हंशा पिकला. परंतु जेवण आटोपून उठतांना त्याच गृहस्थांस आधीं दोन्ही हात जमिनीवर टेकावे लागले, आणि मग भिंतीचा आधार घेऊन उभें राहावें लागलें. त्यांच्या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं मला नीट देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचें योजिलें आहे.

प्रथमच सांगितलें पाहिजे कीं मी योगी नव्हे आणि वैद्यहि नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला व खालापूर तालुक्यांतील थोडी वडिलोपार्जित भातजमीन संभाळणारा मी एक गृहस्थ आहें. जें स्वतः करून पाहिलें व ज्याविषयीं जाणत्या माणसांकडून खात्री करून घेतली, तेवढेंच लिहीत आहें.

हा विषय शेतकी मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांत शेतकऱ्याचें आयुष्य आतां पूर्वीचें राहिलेलें नाहीं. घरांतील तरुण मुलगा पहाटेच्या लोकलनें मुंबईकडे जातो, किंवा खोपोलीच्या बाजूस कारखान्यांत पाळीवर जातो, आणि रविवारीं शेतांत उतरतो. सहा दिवस बसून आखडलेली कंबर सातव्या दिवशीं एकदम चिखलांत वांकविली जाते. जमिनीस भाव आला, आणि भावाबरोबर भावाभावांतील तंटेहि आले. विकलेल्या जमिनींपैकीं कित्येकींवर शहरांतील लोकांकरितां विश्रांतिगृहें उभीं राहिलीं असून तेथें पाहुणे पैसे मोजून आसनें करितात व मौन पाळतात. जें आपल्या ओटीवर विनामूल्य होण्यासारखें आहे तें आपण मात्र परकें समजतों. पाठ चालत नाहीं म्हणून आणि मन थाऱ्यावर नाहीं म्हणून, अशा दोन कारणांनीं जमिनी हातच्या जातांना मीं पाहिल्या आहेत. म्हणूनच हा विषय शेतकीचा आहे असें मी समजतों.

श्रम आणि व्यायाम

शेतांतील श्रम हा व्यायाम नव्हे काय? एका अर्थानें होय. शेतकऱ्याचे हातपाय व दम बसून काम करणाऱ्या माणसापेक्षां बहुधा चांगले असतात. परंतु श्रम हे कामाच्या सोयीनें होतात, शरीराच्या सोयीनें होत नाहींत. लावणीच्या वेळीं मनुष्य गुडघे ताठ ठेवून कंबरेंतून पुढें वांकतो आणि सहा-सहा, आठ-आठ तास तसाच राहतो. पाठीच्या मणक्यांमध्यें मऊ गाद्या असतात. पुढें वांकलें असतां त्यांचा पुढचा भाग दबतो व मागच्या भागावर ताण येतो. स्नायु दमले म्हणजे सगळा भार त्या गाद्यांवर व सांध्यांच्या बंधनांवर पडतो. अशा स्थितींत रोपांच्या जुड्यांचें ओझें झटक्यानें उचलावयास जावें, तोंच कंबरेंत उसण भरते.

कापणीस पुन्हां तेंच वांकणें. भारे वाहतांना मान दबते, झोडणीच्या वेळीं अंग एकाच बाजूस पिळलें जातें, आणि पाठीवरील फवारणीचा पंप एकाच हातानें मारावा लागतो. म्हणजे शेतीच्या कामांत अंग पुढें सतत वांकतें, मागें क्वचितच. एका बाजूस वारंवार वळतें, दुसऱ्या बाजूस क्वचितच. आसनांचा उपयोग येथेंच आहे. काम ज्या दिशेस अंगास नेत नाहीं त्या दिशेस आसन नेतें, आणि काम ज्या स्नायूंस विसांवा देत नाहीं त्यांस आसन विसांवा देतें. भाताच्या मागून वाल पेरला म्हणजे जमिनीस तो मानवतो, हें आपणांस कोणी शिकवावें लागत नाहीं. जमिनीस जसा पीकपालट, तसा शरीरासहि पालट हवा असतो.

घाटमाथ्यावरील प्रयोग

खोपोलीहून बोरघाट चढून गेलें कीं लोणावळें लागतें. तेथें १९२४ सालीं स्वामी कुवलयानंद यांनीं कैवल्यधाम ही संस्था स्थापिली. त्यांचें मूळचें नांव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांजकडे ते व्यायाम शिकले, खानदेशांत अमळनेर येथें त्यांनीं शिक्षणाचें काम केलें, आणि नर्मदाकांठीं मालसर येथील परमहंस माधवदास यांजकडून योगाचे पाठ घेतले. गुरूनें सांगितलें म्हणून मानावें, एवढ्यावर त्यांचें समाधान झालें नाहीं. उड्डियान व नौलि या पोटाच्या क्रिया चालूं असतां शरीराच्या आंत काय घडतें हें त्यांनीं क्ष-किरणांच्या यंत्रानें व दाब मोजण्याच्या उपकरणांनीं तपासलें, आणि नौलीच्या वेळीं मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षां कमी होतो असें दाखवून दिलें. असे प्रयोग लोकांपुढें मांडण्याकरितां त्यांनीं १९२४ सालींच 'योगमीमांसा' हें नियतकालिक काढलें. १९६६ सालीं ते वारले. संस्था आजहि चालूं आहे.

माधवदासांचेच दुसरे शिष्य श्रीयोगेंद्र यांनीं १९१८ सालीं मुंबईस योग इन्स्टिट्यूट स्थापिली, आणि प्रपंच न सोडतां गृहस्थानें घरीं करावयाचा योग हाच आपला विषय ठरविला. औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार आपल्या संस्थानांतील शाळांतून केला. पुण्यास बी. के. एस. अय्यंगार यांनीं खुर्ची, दोर, पट्टा व लाकडी ठोकळे यांच्या आधारानें वृद्ध व दुखणाईत माणसांसहि आसनें करतां येतील अशी पद्धति बसविली. या सर्वांपासून आपण घेण्यासारखी गोष्ट एकच: योग हा गृहस्थाचाहि आहे, आणि तो पारखून घेतां येतो.

परदेशांतील वैद्यांनींहि तो पारखला आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेनें २०१७ सालीं कंबरदुखीच्या उपचारांविषयीं नियम प्रसिद्ध केले. जुनाट कंबरदुखीवर औषधांच्या आधीं जे उपाय करून पाहावेत म्हणून त्यांत सांगितलें आहे, त्यांत योगाचें नांव आहे. ताज्या दुखण्यावरील उपायांत शेक सांगितला आहे. आमच्या घरच्या बायका पूर्वीपासून तोच देत आल्या आहेत. तथापि योगानें येणारा गुण बेताचा असतो, चमत्काराचा नसतो, हेंहि संशोधनावरून दिसतें. चमत्काराची जाहिरात करणाऱ्यापासून दूर राहावें.

प्रारंभ केव्हां करावा

संयुक्त राष्ट्रांनीं २०१४ सालीं २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन ठरविला व २०१५ पासून तो पाळला जातो. शहरास ही तारीख सोयीची असेल. आमच्याकडे त्या सुमारास मृग सरून आर्द्रा लागत असतें, राबांतील रोप वर येत असतें, आणि बांधबंदिस्तीची घाई असते. त्या दिवशीं आरंभिलेला अभ्यास लावणीच्या पहिल्याच आठवड्यांत मोडतो, आणि मोडलेला अभ्यास पुन्हां धरण्याचा मनुष्यास कंटाळा येतो.

म्हणून शेतकऱ्यानें प्रारंभ मार्गशीर्षांत करावा, असें माझें मत आहे. भात घरांत आलेलें असतें, वाल पेरून झालेला असतो, हवा थंड असते. तेथून पावसापर्यंत पांच-सहा महिने मिळतात. तेवढ्या अवधींत जी संवय जडते ती लावणीच्या घाईंतहि थोडीबहुत टिकते.

पहाटे शौचमुखमार्जन झाल्यावर व न्याहारीपूर्वीं वीस मिनिटें पुरेत. पोटभर जेवणानंतर तीन-चार तास आसनें करूं नयेत. ओटीवर किंवा पडवींत घोंगडी दुहेरी करून घालावी. ओल्या जमिनीवर बसूं नये, आणि चुलीचा धूर कोंडलेल्या जागीं श्वासाचा अभ्यास करूं नये.

आसनें

आसनें पुष्कळ आहेत. शेतकऱ्यास प्रथम पांच पुरतात.

भुजंगासन: पालथें निजून हातांचे तळवे छातीच्या दोन्ही बाजूंस ठेवावेत. डोकें व छाती हळूहळू वर उचलावी, बेंबी मात्र जमिनीसच राहूं द्यावी. जोर हातांचा नसावा, पाठीचा असावा. तीन-चार श्वास थांबून खालीं यावें. असें तीन वेळां करावें. लावणीनें जी बाजू ताणली जाते तिला हें आसन विसांवा देतें.

अर्धशलभासन: पालथेंच राहून एक पाय ताठ ठेवून वीतभर उचलावा, मग दुसरा. यानें कंबरेचे व मांड्यांच्या मागील स्नायु बळकट होतात.

पवनमुक्तासन: उताणें निजून एक गुडघा दोन्ही हातांनीं पोटाशीं आणावा, मग दुसरा. सकाळीं आखडलेली कंबर यानें मोकळी होते.

वक्रासन: पाय पसरून बसावें, एक गुडघा उभा करून त्या बाजूस कमरेपासून वळावें. जितका वेळ उजवीकडे, तितकाच डावीकडे. झोडणीनें जी बाजू आखडते तिकडे अंग कमी वळतें, हें पहिल्याच दिवशीं लक्षांत येईल.

शवासन: उताणें निजून सर्व अंग सैल सोडावें. हें आसन सोपें दिसतें, पण तें सोपें नाहीं. पांच मिनिटें कांहीं एक न करणें कष्टाळू माणसास फार जड जातें.

सूर्यनमस्कार ज्यांस येतात त्यांनीं ते अवश्य घालावेत; त्यांत अंग पुढें व मागें दोन्हीकडे वांकतें. मात्र लावणीच्या दिवसांत पुढें वांकणें आधींच भरपूर झालेलें असतें, म्हणून त्या महिन्यांत नमस्कार सोडून भुजंगासन व शवासन एवढींच रात्रीं निजण्यापूर्वीं करावींत. जेवण त्या दिवसांत लौकर व हलकें घ्यावें. शेतांतहि एक गोष्ट होण्यासारखी आहे. तासाभरानें बांधावर सरळ उभें राहावें, दोन्ही हात कंबरेवर मागून टेकावेत आणि हळूच मागें झुकावें. असें पांच वेळां. याला एक मिनिट लागतें. मीं आमच्या शेतांत हें सुरू केलें तेव्हां मजूर हंसले. दुसऱ्या वर्षीं ते आपणहून करूं लागले.

येथें एक गोष्ट स्पष्ट लिहितों. लावणींत सर्वांत अधिक वेळ बायका वांकलेल्या असतात, आणि घरीं आल्यावर चुलीपाशीं पुन्हां त्याच. पुरुषानें ओटीवर शवासन करावें आणि बाईनें पाणी भरावें, हा योग नव्हे. तिला दहा मिनिटें मिळतील अशी घरांत व्यवस्था करणें हें योगाभ्यासाचेंच अंग समजावें.

श्वास

निवांत बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटास सुमारें १२ ते २० वेळां श्वास घेतो. मनांत चार अंक मोजीत श्वास आंत घ्यावा व सहा अंक मोजीत बाहेर सोडावा, म्हणजे मिनिटास सहा श्वास होतात. पोट सैल असावें. श्वास घेतांना तें पुढें यावें व सोडतांना आंत जावें. असा मंद श्वास चालूं असतां नाडीची गति उतरते व अंगाचा ताण कमी होतो. पांच मिनिटांनीं आरंभ करावा. श्वास कोंडण्याचा प्रयत्न पुस्तक वाचून कोणी करूं नये. तो शिक्षकासमोर करण्याचा विषय आहे. फवारणी करून आल्यावर स्नान करून कपडे बदलल्याशिवाय, आणि राब भाजल्याचा धूर असतां, हा अभ्यास करूं नये.

मन

पतंजलींनीं योगाचीं आठ अंगें सांगितलीं. आसन हें त्यांतील तिसरें, आणि त्याविषयीं त्यांचीं सूत्रें अवघीं तीन आहेत. पहिलें अंग यम. यमांत अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हे पांच येतात. अस्तेय म्हणजे चोरी न करणें. दर वर्षीं नांगराच्या तासाबरोबर शेजाऱ्याचा बांध बोटभर कोरणें ही चोरीच होय. महसूल खात्यांत राहिल्यामुळें मी हें खात्रीनें सांगूं शकतों कीं, एवढें एक अंग पाळलें गेलें तर तहशिलींतील कित्येक दप्तरें रिकामीं होतील.

कारकुनीच्या काळांत तक्रारी फेरफारांचीं प्रकरणें माझ्या टेबलावरून जात. रागाच्या भरांत, भावास धडा शिकवावा म्हणून आपला हिस्सा विकून टाकलेला मनुष्य वर्षा-दोन वर्षांनीं टेबलापाशीं येऊन उभा राही व हळूच विचारी, "भाऊसाहेब, नोंद फिरवितां येईल काय?" खरेदीखत राजीखुशीनें झालेलें असे, पैसे खर्चून गेलेले असत. नोंद फिरवितां येत नसे. तीं माणसें मूर्ख नव्हतीं. सही करण्यापूर्वीं एक संध्याकाळ त्यांचें मन स्वस्थ बसलें असतें तर पुष्कळांचें शेत राहिलें असतें, असें मला अजून वाटतें.

हा दोष माझ्याहि अंगीं होता. निवृत्तीनंतर माझ्या भावाशीं बांधावरून माझा वाद झाला. कायद्याचीं कलमें मला पाठ. दाव्याचा मसुदा मीं त्याच रात्रीं लिहून काढला. सकाळीं नेमाप्रमाणें श्वास मोजीत बसलों, तेव्हां अंकांऐवजीं भावाचेंच तोंड डोळ्यांपुढें येऊं लागलें. अभ्यास त्या दिवशीं मुळींच झाला नाहीं. पण आपण किती रागावलों आहों हें मात्र मला कळलें. मसुदा तसाच ठेवला, आणि आठ दिवसांनीं दोघांनीं मिळून मोजणीचा अर्ज दिला. मोजणींत बांध भावाच्या म्हणण्याप्रमाणें निघाला. दावा केला असता तर पांच-दहा वर्षें न्यायालयांत जाऊन मी हरलों असतों, आणि भाऊहि गमावला असता. ध्यानाचा मला झालेला लाभ तो हा. प्रकाश दिसला नाहीं, नाद ऐकूं आला नाहीं.

रीत साधी आहे. तिन्हीसांजेस किंवा पहाटे दहा मिनिटें ताठ बसावें. मांडी घालतां येत नसेल तर पाटावर किंवा खुर्चीवर बसावें. मोबाईल दुसऱ्या खोलींत ठेवावा. डोळे मिटून श्वास येतो-जातो तिकडे लक्ष द्यावें. मन पळेल, तें पळालें असें दिसतांच, न चिडतां, पुन्हां श्वासावर आणावें. गुरूं बांधावरून पिकांत शिरलें म्हणजे आपण त्यास जसें वळवून आणतों, तसेंच. ज्यांच्या घरीं संध्याकाळीं हरिपाठ होतो त्यांनीं दुसरें कांहीं शोधण्याची गरज नाहीं. मात्र तोंडानें हरिपाठ व बोटांनीं मोबाईल, असें होऊं नये. अधिक शिकावयाचें असेल त्यांच्याकरितां इगतपुरी येथें १९७६ पासून विपश्यनेचीं दहा दिवसांचीं शिबिरें भरतात. तेथें शुल्क नसतें. ज्यांनीं पूर्वीं लाभ घेतला त्यांच्या दानावर तीं चालतात. शिबिरांत मौन असतें, तेव्हां शेतकऱ्यानें हंगाम पाहूनच जावें.

सावधगिरी

आतां माझी फजीतीहि सांगतों. प्रथम उसण भरल्यावर मीं एक पुस्तक आणलें आणि चौथ्याच दिवशीं भिंतीस पाय लावून शीर्षासन केलें. कंबर राहिली बाजूस, मान मात्र तीन आठवडे वळेना. त्यानंतर एका जाणत्या शिक्षकांकडे जाऊन पहिल्यापासून शिकलों. ज्यानें डोक्यावरून भारे वाहिले आहेत त्यानें शीर्षासन व सर्वांगासन यांच्या वाटेस जाऊं नये. रक्तदाब, हृदयविकार, कांचबिंदु, अंतर्गळ असलेल्यांनीं व गरोदर स्त्रियांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून कांहीं करूं नये. दुखणें पायांत उतरत असेल, पायास मुंग्या येत असतील किंवा लघवी-शौचावरील ताबा जात असेल, तर आसनें बंद करून तांतडीनें रुग्णालयांत जावें.

पावसाळ्यांत चिखलांत काम करणाऱ्यास ताप आला तर तो लेप्टोचा असूं शकतो. त्यावर प्राणायाम हा उपाय नव्हे. त्याच दिवशीं आरोग्यकेंद्रांत जावें. तसेंच कर्जानें वा दुःखानें ज्याची झोंप उडाली आहे व जो मरणाच्या गोष्टी बोलतो, त्यास ध्यानास बसवून एकटें सोडूं नये. त्याच्यापाशीं बसावें, त्यास डॉक्टरांकडे न्यावें. २०२२ सालीं सुरू झालेल्या सरकारी टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरांत लिहून ठेवावा.

पंगतींतल्या त्या वृद्ध गृहस्थांस माझें उत्तर आतां असें आहे. काका, आपण महिनाभर वांकलांत हें खरें. परंतु त्या वांकण्यानें पीक उभें राहिलें, आपण नाहीं. पिकास जें दिलें त्यांतलीं वीस मिनिटें स्वतःस द्यावींत. येत्या मार्गशीर्षांत ओटीवर घोंगडी घालावी, नातवासहि शेजारीं बसवावें. शेत राखावयाचें तर शेतकरी आधीं राखला पाहिजे, इतकी विनंति करून हा लेख पुरा करतों.